लिनक्सवर काळ्या-पांढऱ्या फोटोंची छपाई: शाईटाकीच्या प्रिंटरवर करडा रंग करडाच कसा ठेवायचा

मेणवलीच्या घाटाचा काळा-पांढरा फोटो पडद्यावर सुरेख दिसतो. तोच प्रिंटरमधून बाहेर आला की पायऱ्या हिरवट, आभाळ जांभळट आणि दगडातल्या सावल्यांचा सपाट काळा डाग. सातारा-सांगलीकडे घरोघरी, शाळांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत शाईटाकीचे जे इंकजेट आहेत, त्यांवर हे सर्रास होतं. दोष बहुतेक वेळा लिनक्सचा नसतो, प्रिंटरचाही नसतो. करडा रंग कोणत्या शाईतून तयार व्हावा हे आपण ठरवलेलं नसतं, म्हणून ते ड्रायव्हर, म्हणजे संगणकातून प्रिंटरला सूचना देणारा प्रोग्रॅम, परस्पर ठरवतो.

इंकजेटकडे करडी शाई सहसा नसते. करडा दाखवायचे त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. काळ्या शाईचे ठिपके विरळ टाकायचे, नाहीतर निळसर सायन, मॅजेंटा आणि पिवळी या तिन्ही शाया एकत्र करून करडा भासवायचा. पहिल्या मार्गात रंगाची झाक जवळपास येत नाही, पण गालावर किंवा आभाळात ठिपके उठून दिसतात. दुसऱ्यात छटा मऊ येतात, पण तिन्ही शायांचं प्रमाण किंचित जरी हललं तरी झाक चढते. पुढची सगळी मांडणी या निवडीवर उभी आहे.

आधी टाकीतला काळा ओळखा

एप्सनच्या एल३११०, एल३२१० या घरगुती प्रिंटरांत चारही शाया डाय प्रकारच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या रंगाच्या असतात. एल४१५०, एल६१६० यांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक कणांची, आणि बाकी तीन डायच्या. कॅननच्या जी२०१०, जी३०१० मध्ये आणि एचपीच्या इंक टँक ३०० व ४०० मालिकेतही तसंच. एल८०५ आणि एल१८०० मध्ये सहा डाय शाया आहेत. त्यांत फिका सायन आणि फिका मॅजेंटा जादा मिळतो, करडी मात्र नाही. स्वतंत्र करडी शाई हवी असेल तर एल८१८० सारखा प्रिंटर लागतो.

हा फरक कागद निवडताना कळीचा ठरतो. पिगमेंट काळी ग्लॉसी कागदात मुरत नाही, वर बसून राहते आणि बोटाला लागते. म्हणून ग्लॉसी कागद निवडला की असे प्रिंटर काळी टाकी बाजूला ठेवतात आणि सगळा काळा तीन रंगांतून बनवतात. कॅनन जी किंवा एचपी इंक टँकवर ग्लॉसी कागदाचा काळा-पांढरा प्रिंट हिरवट येण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. अशा प्रिंटरवर मॅट कागदच घ्या. चारही शाया डाय असलेल्या प्रिंटरवर दोन्ही कागद चालतात.

टाकीत बाजारातली दुसरी शाई भरली असेल तर बाटलीवर डाय लिहिलंय की पिगमेंट ते बघा. बाहेरच्या काळ्या डाय शाईला बऱ्याचदा तपकिरी किंवा निळी झाक असते आणि कोणत्याही सेटिंगने ती पुरती जात नाही.

ड्रायव्हर: आपोआप जोडलेल्यावर थांबू नका

मिंट, उबंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर यूएसबी वायर लावली किंवा प्रिंटर वायफायवर आणला की बहुतेक वेळा तो आपोआप यादीत येतो. हा 'ड्रायव्हरलेस' जोड असतो. बिलं, दाखले, प्रश्नपत्रिका छापायला तो उत्तम. फोटोसाठी अपुरा, कारण कागदाचे प्रकार मोजकेच दिसतात आणि करड्यासाठी कोणती शाई वापरायची यावर आपला ताबा राहत नाही.

सिनॅप्टिक, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायचा प्रोग्रॅम, उघडून 'गुटेनप्रिंट' हा ड्रायव्हर शोधा. 'प्रिंटर-ड्रायव्हर-गुटेनप्रिंट' नावाचं पॅकेज दिसेल, ते बसवा. एप्सन असेल तर सोबत 'प्रिंटर-ड्रायव्हर-ईएससीपीआर' हेही घ्या. एचपीसाठी 'एचपीलिप' असतं. गुटेनप्रिंट पूर्ण मुक्त स्रोत आहे आणि फोटोछपाईसाठी लागणारे बारीक पर्याय त्याच्याइतके दुसऱ्या मुक्त ड्रायव्हरमध्ये मिळत नाहीत.

आता ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी इंग्रजीत लोकलहोस्ट, पुढे कोलन आणि ६३१ असं लिहा. कप्स या छपाईव्यवस्थेचं पान उघडतं. इंटरनेट लागत नाही, हे पान तुमच्याच संगणकात असतं.

१. 'ॲडमिनिस्ट्रेशन'मध्ये 'ॲड प्रिंटर' दाबा. नाव-पासवर्ड विचारला तर संगणकात शिरताना वापरता तोच द्या. 'फॉरबिडन' असं उत्तर आलं तर तुमचं खातं 'एलपीॲडमिन' गटात नाही. वापरकर्त्यांच्या सेटिंगमध्ये गट जोडा, लॉगआउट करून परत या.

२. यादीतून यूएसबीचा प्रिंटर निवडा आणि त्याला नाव द्या. नावात मोकळी जागा, तिरकी रेघ आणि हॅशचं चिन्ह चालत नाही. नुसतं 'एप्सन' न लिहिता 'करडा-मॅट' असं काहीतरी द्या, कारण पुढे हाच प्रिंटर दुसऱ्या नावाने परत जोडायचा आहे.

३. कंपनी निवडली की मॉडेलची लांबलचक यादी येते. तुमच्या मॉडेलपुढे 'कप्स+गुटेनप्रिंट' लिहिलेल्या दोन ओळी असू शकतात, त्यांतल्या एकीच्या शेवटी 'सिम्प्लिफाइड' असतं. ती घेऊ नका. रंगसंतुलन आणि घनतेचे पर्याय तिच्यातून काढलेले असतात.

४. मॉडेल यादीत नसेल तर जवळच्या आकड्याचं मॉडेल अंदाजाने निवडू नका. नोझलची, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांची, रचना वेगळी असली की पट्टे येतात किंवा कागद भिजून निघतो. अशा वेळी एप्सन असेल तर ईएससीपीआर, एचपी असेल तर एचपीलिप ड्रायव्हर घ्या. त्यात शाईवर ताबा कमी मिळतो, पण कागद आणि छपाईचा दर्जा नीट निवडता येतो, आणि खाली सांगितलेली छटापट्टी त्यालाही तितकीच उपयोगी पडते.

कप्समधली सेटिंग

प्रिंटरच्या पानावर दुसऱ्या यादीतून 'सेट डिफॉल्ट ऑप्शन्स' निवडा. गुटेनप्रिंटमध्ये बरेच टॅब दिसतील. सगळ्यांना हात लावायची गरज नाही.

'कलर मॉडेल' ग्रेस्केल करा. यात काळीच शाई वापरली जाते. शेजारचा 'ब्लॅक अँड व्हाइट' पर्याय रेघांच्या चित्रांसाठी आहे, त्यात मधल्या छटा नसतात. नवखे नेमके तोच निवडतात आणि फोटोचा शिक्का होऊन बाहेर येतो. 'कलर प्रिसिजन' बेस्ट ठेवा, त्याने आभाळात पायऱ्या पडणं कमी होतं. 'मीडिया टाइप' हा फक्त कागदाच्या नावाचा प्रश्न नाही, शाई किती सोडायची ते त्यावर ठरतं. मॅट कागद घालून ग्लॉसी निवडलंत तर गडद भाग ओथंबतात. प्लेन पेपर निवडून फोटो कागद घातलात तर काळा फिका, राखेसारखा येतो.

रेझोल्यूशन एप्सनवर १४४०×७२० पुरेसं असतं. फक्त काळ्या शाईने ग्लॉसीवर चेहरे छापायचे असतील तर २८८०×१४४० घ्या. वेळ बराच जास्त लागतो, पण गालावरचे ठिपके बारीक होतात. 'प्रिंट क्वालिटी' आपोआपवर असेल तर तुमचा आकडा पाळला जात नाही, म्हणून तिथे मॅन्युअल करा. 'डिदर अल्गोरिदम'मध्ये 'इव्हनटोन' निवडा. ठिपके समान अंतरावर पसरतात आणि उजळ भागातला रवाळपणा घटतो. 'डेन्सिटी' १.० वरच राहू द्या, कागद भिजल्यासारखा वाटला तर ०.९ करा.

एवढं जतन झालं की तोच प्रिंटर परत 'ॲड प्रिंटर'मधून 'मिश्र-ग्लॉसी' नावाने जोडा. यात कलर मॉडेल आरजीबी, म्हणजे रंगीत, ठेवा, मीडिया टाइप ग्लॉसी. दोन कागदांना दोन नावं असली की दर वेळी सेटिंग बदलावी लागत नाही, आणि चुकीच्या कागदावर चुकीची शाई जात नाही.

खरंच काळी एकटीच वापरली जाते का, याची खात्री भिंगाने करा. सराफाकडे असतं तसं १० पटीचं भिंग पुरतं. मधल्या करड्या भागात फक्त काळे ठिपके दिसले तर ठीक. गुलाबी-निळे दिसले तर सेटिंग लागू झालेली नाही. बहुतेकदा प्रिंट करताना तुम्ही आपोआप जोडलेला जुना प्रिंटर निवडलेला असतो.

एकवीस छटांची पट्टी

ही पायरी गाळून थेट फोटो छापणाऱ्याचा कागद सर्वांत जास्त वाया जातो. अर्धा तास द्या.

गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये २५२० × ३६० पिक्सेलचं नवं चित्र घ्या, रेझोल्यूशन ३०० ठेवा. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ग्रेडियंट टूलने डावीकडून उजवीकडे ओढा. मग 'कलर्स'मधून 'पोस्टराइज' करून २१ लेव्हल द्या. सुमारे एकेक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या तयार होतात. दोन टोकांच्या पट्ट्या निम्म्या रुंदीच्या येतात, त्याने काही बिघडत नाही. प्रत्येक पट्टीत सुमारे १३ चा फरक असतो: ०, १३, २६, ३८, ५१ असं २५५ पर्यंत. वर बारीक अक्षरात कागदाचं नाव, ड्रायव्हर आणि तारीख लिहा. चार दिवसांनी कोणती पट्टी कशाची हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

छापा आणि थांबा. डाय शाई सुकताना गडदपणाही बदलते आणि झाकही. निदान अर्धा तास जाऊ द्या, शेवटचा निर्णय दुसऱ्या दिवशी घ्या. पट्टी ओसरीत किंवा खिडकीशी सावलीत धरून बघा. एलईडी दिव्याखाली बघू नका, कारण तीन शायांतून बनलेला करडा उजेडागणिक रंग बदलतो. घरात तटस्थ वाटणारा प्रिंट बाहेर हिरवा दिसतो तो यामुळे.

आता काळ्या टोकाकडच्या पट्ट्या मोजा. पहिल्या तीन-चार पट्ट्या एकजीव झाल्या असतील तर शाई कागदात पसरते आहे. आपल्याकडच्या फोटोंत हे फार नडतं, कारण वाड्यांच्या भिंती, घाट, देवळं सगळी काळ्या बसाल्टची. दगडाचा पोत नेमका याच पट्ट्यांत असतो. उलट टोकाला तासगावकडच्या बेदाणा शेडमधला पांढरट उजेड किंवा धुवट धोतराच्या चुण्या शेवटच्या दोन-तीन पट्ट्यांत असतात. त्या कोऱ्या कागदात विरघळल्या असतील तर तिथेही दुरुस्ती हवी.

दुरुस्ती 'कलर्स'मधल्या 'कर्व्ह्ज'ने करा. ० चा बिंदू ० वरच ठेवा. २६ ला ४० वर उचला. पूर्ण प्रिंट काळवंडला असेल तर १२८ ला १४० करा. पांढऱ्या टोकाला छटा हरवत असतील तर २४२ ला २३८ वर आणा. हे आकडे सुरुवातीचे आहेत, प्रत्येक कागद आपले वेगळे मागतो. वक्र पट्टीला लावून परत छापा, आणि शेजारच्या पट्ट्यांमधली सीमा सगळीकडे दिसेपर्यंत बदलत जा. तीन-चार फेऱ्यांत जमतं. जमलेला वक्र त्या कागदाच्या नावाने प्रीसेट म्हणून जतन करा. फोटोच्या मूळ फाइलवर तो कायमचा चढवू नका, फक्त छपाईच्या प्रतीवर लावा.

'मिश्र' प्रिंटरची झाक तपासायला ऑल-इन-वनचा, म्हणजे छपाई आणि स्कॅन दोन्ही करणाऱ्या प्रिंटरचा, स्कॅनर कामाला येतो. पट्टी आणि शेजारी त्याच कागदाचा कोरा तुकडा ठेवून रंगीत स्कॅन करा, आपोआप सुधारणा बंद ठेवा. गिंपच्या कलर पिकरची त्रिज्या १५ करून मधल्या पट्टीचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे बघा. कोऱ्या तुकड्याच्या तुलनेत ३-४ चा फरक डोळ्याला जाणवत नाही. हिरवा जास्त असेल तर गुटेनप्रिंटमध्ये मॅजेंटा १.०० वरून १.०५ करा. प्रिंट जांभळट असेल तर ०.९५. निळसर असेल तर पिवळा वाढवा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाचा परिणाम काय ते कळणार नाही.

कंपनीच्या संकेतस्थळावरच्या आयसीसी प्रोफाइल, म्हणजे रंग जुळवणाऱ्या, फाइली इथे लावू नका. त्या विंडोज किंवा मॅकच्या ड्रायव्हरवर बनवलेल्या असतात. गुटेनप्रिंट शाई वेगळ्या प्रमाणात सोडतो, त्यामुळे झाक कमी होण्याऐवजी वाढते. एप्सनची 'ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट' सोयही त्याच ड्रायव्हरांत असते, लिनक्सवर ती शोधत बसू नये.

फोटो तयार करणं

रंगीत फोटोचा काळा-पांढरा करताना नुसतं 'डिसॅच्युरेट' दाबू नका. भगवा फेटा आणि मागचा हिरवा ऊस रंगीत फोटोत किती वेगळे दिसतात, पण करड्यात दोघांची छटा जवळपास एकच येते आणि माणूस उसात हरवतो. 'मोनो मिक्सर' घ्या आणि लाल ०.७, हिरवा ०.३, निळा ० द्या. फेटा उजळतो, ऊस मागे सरतो. तिन्हींची बेरीज १ ठेवली की एकूण उजेड बदलत नाही. निळं आभाळ गडद आणि ढग पांढरे हवे असतील तरी हीच दिशा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरांत कृष्णाकाठच्या कितीतरी घरांतले अल्बम भिजले, आणि त्या फोटोंची नवी प्रत काढणं हे इथलं मोठं काम आहे. असा जुना फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा. पाण्याचे आणि जुनेपणाचे डाग पिवळे-तपकिरी असतात. ते निळ्या चॅनेलमध्ये ठळक आणि लालमध्ये अगदी पुसट दिसतात. मोनो मिक्सरमध्ये लाल १, बाकी दोन्ही ० केलं की अर्धा डाग हातही न लावता जातो. बुरशी असलेला फोटो आधी पूर्ण सुकू द्या, ओला असताना काचेवर दाबला तर इमल्शन, म्हणजे फोटोवरचा चित्राचा थर, काचेला चिकटतं.

स्कॅनचा आकडा हवा त्या मोठेपणावरून काढा. दुप्पट मोठा करायचा तर ६०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके. पासपोर्ट आकाराचा फोटो ६ इंच रुंद हवा असेल तर १२०० लागतो. छपाईसाठी एप्सनला ३६० आणि कॅनन-एचपीला ३०० पिक्सेल प्रति इंच मानवतात. म्हणजे ४×६ इंचासाठी १४४०×२१६० किंवा १२००×१८००. धार (शार्पन) शेवटी, याच आकारावर द्या, आणि पडद्यावर किंचित जास्त वाटेल इतकी. कागदावर शाई पसरून ती मऊ होते.

छापताना गिंपच्या प्रिंट खिडकीत योग्य नावाचा प्रिंटर आणि नेमका कागद निवडा. 'फिट टू पेज' बंद ठेवा, नाहीतर चित्र परत ताणलं जातं आणि धार जाते. बिनकडेची छपाई पहिल्या प्रयत्नात टाळा. प्रिंटर चित्र थोडं मोठं करून कडा कापतो आणि कागदाच्या टोकाला शाई डागाळते. पाव इंच पांढरी कड सोडली तर फ्रेमलाही सोयीचं पडतं. एका वेळी बरेच फोटो छापायचे असतील तर डार्कटेबल या फोटोंच्या प्रोग्रॅमचा प्रिंट विभाग बघा, त्यात कडा आणि जागा मिलिमीटरमध्ये देता येतात.

बिघाड

आडव्या पांढऱ्या रेघा आल्या तर नोझल चोंदलं आहे. नोझल चेक छापा, तुटक रेघा असतील तर हेड क्लीनिंग करा. दोन-तीनदा करूनही सुधारलं नाही तर प्रिंटर बंद करून सहा ते बारा तास तसाच ठेवा, हवा सुटायला वेळ लागतो. सलग दहा वेळा क्लीनिंग केल्याने फक्त टाकी रिकामी होते आणि वेस्ट पॅड, म्हणजे वाया जाणारी शाई शोषणारा स्पंज, भरतं. काळ्या-पांढऱ्या छपाईत एक वेगळा धोका आहे: रंगीत नोझल वापराविना सुकतात. म्हणून आठवड्यातून एकदा रंगीत नोझल चेक काढाच. एप्रिल-मेच्या सांगलीच्या उन्हात तर दर चार दिवसांनी.

रेघा समान अंतरावर, पण बारीक आणि गडद-फिक्या असतील तर नोझल नव्हे, हेडचं अलाइनमेंट बिघडलंय. अर्धं पान छापून काम थांबलं, तर कप्सच्या 'जॉब्स'मध्ये अडकलेलं काम रद्द करा आणि प्रिंटरच्या पानावर 'रिझ्यूम प्रिंटर' दाबा. यूएसबीची वायर हलली तरी कप्स कधी कधी प्रिंटर थांबवून ठेवतो आणि वायर नीट केल्यावरही आपण होऊन सुरू करत नाही.

प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने कधी बंद करू नका. त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं तरच हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. अचानक वीज गेली असेल तर आल्याबरोबर एकदा चालू करून नीट बंद करा. हेडखालचा भाग पुसायची वेळ आली तर बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार नोझलमध्ये बसतात.

पावसाळ्यात महाबळेश्वर, जावळी, पाटण या बाजूला कागद दमट होऊन वळतो आणि रोलरवर घासतो, कडेला काळे फराटे येतात. उघडलेलं पाकीट मूळ प्लॅस्टिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा आणि लागतील तेवढेच कागद बाहेर काढा. ट्रेमध्ये रात्रभर राहू देऊ नका. छापण्याची बाजू कळत नसेल तर कोपऱ्याला ओलसर बोट लावा. चिकट लागते ती छापायची बाजू. छापलेला प्रिंट एकावर एक रचण्याआधी चोवीस तास मोकळा सुकवा, आणि फ्रेममध्ये घालताना काचेला टेकणार नाही असा मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, द्या. डाय शाईचा प्रिंट उन्हाच्या भिंतीवर लावू नका, तिथे काळा आधी तपकिरी आणि मग फिका होत जातो.